ग्राहक क्रमांक सांगा

मंगळवारी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात सात वर्षांच्या मुलीचा फोन आला. तो तिच्या आईनेच उचलला.

हा निव्वळ योगायोग. केंद्रात बावीस जणी बसतात; जी रिकामी असेल तिच्याकडे फोन जातो. मुलीला हे माहीत नव्हतं. आईचा मोबाइल कामाच्या वेळी लॉकरमध्ये असतो, म्हणून तिने बिलावरचा नंबर लावला होता. शाळा सुटल्यापासून संध्याकाळी सातपर्यंत चार वर्षांच्या भावाला तीच सांभाळते. वडील ट्रकवर असतात, आठवड्यातून एकदा घरी येतात.

"आई, लाइट गेली. बाळ्या रडून रडून लाल झालाय."

महिन्याची तपासणी चालू होती. पर्यवेक्षिका दुसऱ्या हेडफोनवर ऐकत होत्या. घरचे फोन घेतल्याबद्दल आईला दोनदा लेखी ताकीद मिळालेली. तिसऱ्यांदा नोकरीच जाणार होती.

"नमस्कार. आपला ग्राहक क्रमांक सांगा."

"अगं आई, मी आहे!"

"ग्राहक क्रमांक, प्लीज."

मागे बाळ्याचं रडणं चालूच होतं. मग मुलीने बिलावरचे बारा आकडे एकेक करून वाचले. एकही चुकला नाही.

"तक्रार नोंदवली आहे. दोन तासांत वीज येईल. धन्यवाद."

पर्यवेक्षिकांनी हेडफोन काढला. "घाबरलेलं लेकरू, तुलाच आई समजलं बघ! पण काय शांतपणे हाताळलंस."

आई हसली.

घरी गेल्यावर तिने मुलीला जवळ बसवून घरच्या फोनने नोकरी कशी जाईल ते सगळं समजावलं. "कळलं," मुलगी म्हणाली आणि दप्तर भरायला उठली.

गुरुवारी चारच्या सुमाराला बाळ्या पलंगावरून पडला. कपाळाला खोक पडली. मुलीने रुमाल घट्ट बांधला आणि त्याला मांडीवर घेऊन बसली. सात वाजता आईने दार उघडलं तेव्हा रुमाल रक्त वाळून कडक झाला होता. दवाखान्यात चार टाके पडले.

"तीन तास काय करत होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

आई मुलीकडे वळली. "अगं, फोन तरी करायचास!"

"नाही केला," मुलगी म्हणाली. शाबासकी मिळणार अशा चेहऱ्याने ती आईकडे बघत होती.

शुक्रवारी आईने सकाळच्या शिफ्टसाठी अर्ज दिला. "सकाळी जागा नाही गं. बघू पुढच्या महिन्यात," पर्यवेक्षिका म्हणाल्या.

सोमवारी दुपारी दोन वाजता ती नेहमीच्या खुर्चीवर बसली. अर्जावर सही झालेली नव्हती.