जुळ्या घराची मधली भिंत

विमलताईंनी सदाशिवरावाला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. हा माणूस घराचं वाटोळं करणार!

यवतमाळबाहेर कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनाच्या साहेबानं कधीकाळी बाग आखून त्यात लाल विटांची जुळी घरं बांधली होती. दोन घरांना छप्पर एक, मधली भिंत एक, पुढं मेंदीचं कुंपण. विटा उघड्या, फक्त सांधे चुन्यानं भरलेले. विमलताईंचे यजमान गेले, शाळेतली नोकरीही संपली. उरलं होतं ते हे अर्धं घर, आणि त्याला त्या जिवापाड जपत.

उरलेलं अर्धं घाटंजीकडच्या सदाशिवरावानं घेतलं. कपाशीचा मोठा शेतकरी, आवाज असा की बैल बुजावा. त्याच्या गावात दिवाळीला भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा दिला नाही, तर लोक विचारतात, घरात कोण गेलं? पहिल्याच दिवाळीला त्याचे सोयरे आले, उघड्या विटा पाहून दारातच थबकले. सासऱ्यानं हळूच विचारलं, "सुतक हाय का जी?" झालं! सदाशिवरावाच्या डोक्यात सणक गेली.

महिन्याभरात सिमेंट आलं. तांड्यावरून खेमसिंग गवंडी आला. त्यानं भिंतीवर हात फिरवला. "मालक, चुन्याची भिंत हाय. जमिनीतली ओल चढते अन् विटांतून वाळते. सिमेंट लावसान त ओल आतच कोंडन."

"तुले काम पायजे का मले अक्कल शिकवतं?"

विमलताई धावत कुंपणापाशी आल्या. "सदाशिवराव, मधली भिंत दोघांची आहे. तिला हात लावू नका!"

"माह्या बाजूले मी काहीबी लावीन, बाई. तुमी तुमची बाजू पाहा."

त्यानं बाहेरून सिमेंट थापलं, मधल्या भिंतीला आपल्या बाजूनंही थापलं आणि वर पांढराशुभ्र चुना दिला. दोन पावसाळ्यांत कोंडलेली ओल विमलताईंच्या बाजूला फुटली. विटांना खार फुटून लोणा लागला, रोज सकाळी सूपभर भुकटी गळू लागली. त्या ती उचलून सरळ त्याच्या अंगणात फेकत. त्यानं मेंदीत बकऱ्या सोडल्या. "मेल्या, तुझं कधी बरं होणार नाही!" हे त्या आता देवपूजेइतक्या नेमानं म्हणत.

चौथ्या वर्षी त्यानं कहर केला. शेजारणीची बाजू धोक्याची आहे, पाडून टाका, असा सरकारकडं अर्जच दिला.

ओव्हरसियर आले. त्यांनी विमलताईंची भिंत पाहिली, मग सदाशिवरावाच्या पांढऱ्या गिलाव्यावर हातोडी मारली. आवाज पोकळ आला. खेमसिंगनं एक खपली काढली, तर आतल्या विटांचं पीठ झालेलं.

"घर एकच आहे," ओव्हरसियर म्हणाले. "पाडायचं तर दोन्ही बाजू पाडाव्या लागतील. नाहीतर सगळं सिमेंट खरवडा, भिंत दोन उन्हाळे वाळू द्या, सडक्या विटा बदला. पण दोघांच्या सह्या लागतील."

संध्याकाळी सदाशिवराव कागद घेऊन विमलताईंच्या दारात आला. मान खाली. "ताई, चुकलं माहं. समदं सिमेंट काढतो. तुमची सही तेवढी द्या."

चार वर्षं हेच ऐकायला त्यांचे कान आसुसले होते. सही केली की घर वाचत होतं. पण समोर तो तोंड पाडून उभा होता, आणि ते तोंड पाहून त्यांना इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की ते सुख सोडवेना.

"आज ताई? इतके दिवस बाई होते ना मी?" त्या म्हणाल्या. "पाडू दे."

"अवो, तुमचंबी जाईन ना घर!"

"जाऊ दे."

त्यांनी दार लावून घेतलं.

घर पाडलं त्या दिवशी विमलताई ट्रंक घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या. पलीकडे सदाशिवराव डोक्याला हात लावून बसला होता. त्याला मन भरून पाहून घ्यावं म्हणून त्या वळल्या, तेवढ्यात छप्पर खाली आलं आणि त्यांच्या स्वयंपाकघराचा कोनाडा उघडा पडला.

खेमसिंग घमेलं खाली ठेवून जवळ आला. "भिंत सडवली त्यानं, बाई," तो म्हणाला. "पाडली तुमी."