फरशीपुरते डॉलर

बायकोच्या डोळ्यात द्यायचं इंजेक्शन परदेशातून येतं. आठवड्याभरात ते मिळालं नाही तर उजवी नजर जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते मागवायला डॉलर मिळावेत म्हणून केलेला औषधवाल्याचा अर्ज बँकेत अडकला होता, म्हणून मीच तिथे गेलो. चारचौघांत बोलायचं तर मला घाम फुटतो. वाक्यं घरूनच पाठ करून नेली होती.

"काका, देशातच डॉलरचा खडखडाट आहे," अधिकारी बाई म्हणाल्या. "आहेत ते आधी गरजेच्या आयातीला. तुमचं पुढच्या महिन्यात बघू."

पाठ केलेलं सगळं विसरलो. मान खाली गेली, तर पायाखाली नवीकोरी, गुळगुळीत फरशी.

"ही कुठली हो?"

"परदेशी आहे. साहेबांनी गेल्याच महिन्यात मागवून घेतली," त्या बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

"म्हणजे फरशी गरजेची, आणि माझ्या बायकोचा डोळा चैनीचा?"

आवाज इतका चढला की मीच दचकलो. साहेब लगबगीने बाहेर आले.

"काका, आत बसून शांतपणे बोलू ना."

"नको. इथेच बोला, सगळ्यांसमोर."

औषधवाल्याच्या अर्जावर त्यांची सही होईपर्यंत मी जागचा हललो नाही.