सेकंदाला पंचवीस चित्रं

काल नेलेलं मेमरी कार्ड शिवणवाल्या मावशींनी व्हिडिओ-झेरॉक्सच्या दुकानात काउंटरवर परत ठेवलं आणि वहीत लिहिलं, 'हात दिसत नाहीत.'

व्हिडिओवाले काका चक्रावले. त्यांनी मावशींच्याच फोनवर लावून पाहिलं, तर मावशींची लेक चांगली ठसठशीत दिसत होती.

"हे काय, हात," काकांनी बोट दाखवलं.

मावशींनी लिहिलं, 'बोटं पुसली जातात. काय म्हणते कळत नाही.'

मावशींना जन्मापासून ऐकू येत नाही, लेकीलाही नाही. दोघी हातांनी बोलतात. लेक परगावच्या कारखान्यात लागून महिना झाला, आणि तिचा पहिला व्हिडिओ परवा काकांच्या मेलवर आला. मावशींचा फोन म्हणजे पार म्हातारा, नवी फाइल दिसली की तोंड फिरवणारा. त्याला पचेल अशी फाइल करून देणं हे काकांचं काम. त्यासाठीचा प्रोग्राम कुठल्या कुठल्या भल्या माणसांनी लिहून सगळ्यांना मोकळा ठेवलेला; त्याच्यावर काकांचा भारी जीव. पण प्रोग्राम बिचारा सांगितलं तेवढंच करतो. फाइल लहान करायला काकांनी सेकंदाच्या पंचवीस चित्रांतली आठच ठेवली होती, त्यात भराभर हलणारी बोटं हरवली, आणि वाचलेली जागा आवाजाला दिली होती. जन्म लग्नांचे व्हिडिओ काढण्यात गेला. आवाज बिघडला की सगळी मेहनत पाण्यात, हे अंगात मुरलेलं.

"ऐकू न येणाऱ्या बाईसाठी आवाज जपलात," झेरॉक्स काढता काढता काकू म्हणाल्या. "धन्य आहे तुमची."

"सवय गं," काका ओशाळून म्हणाले.

आता पंचवीसच्या पंचवीस चित्रं ठेवायची आणि आवाज काढून टाकायचा. काढण्याआधी त्यांनी एकदा हेडफोन लावला. आधी नुसती कपड्यांची सळसळ. मग शेवटी लेक हसली, अगदी घशातून, मोकळं. ते हसू पुसण्याआधी काकांनी पुन्हा एकदा ऐकलं.

नवी फाइल मावशींनी तीनदा पाहिली. मग सावकाश लिहिलं, 'तिथेच राहणार म्हणते. खोली मिळाली. मैत्रिणी आहेत.' जरा थांबून खाली लिहिलं, 'बरं झालं.' पेन मात्र कागदावरच टेकून राहिलं.

काकांना राहवेना. त्यांनी वही ओढली. 'शेवटी मोठ्यानं हसली आहे.'

'हसली ते दिसलं,' मावशींनी लिहिलं. आणि मग, 'आवाज कसा आहे?'

"काय लिहू गं?" काकांनी काकूंना विचारलं.

"लिहिताय कशाला," म्हणत काकूंनी कोपऱ्यातला लग्नांच्या दिवसांतला मोठा स्पीकर धूळ पुसून काउंटरवर चढवला. मावशींचा तळवा त्याच्या जाळीवर ठेवला.

काकांनी मूळ फाइल लावली आणि आवाज पुरता वाढवला. झेरॉक्ससाठी थांबलेली माणसं वळून बघायला लागली. आधी सळसळ झाली, मग लेक हसली आणि जाळी मावशींच्या तळव्याखाली थरथरली.

हसू संपलं तरी मावशींनी हात काढला नाही. दुसऱ्या हाताचं एक बोट वर करून 'आणखी एकदा' अशी खूण केली. काकांनी पुन्हा लावलं.