गाडीपर्यंत सोबत

"फुलं फांदीला नाहीत, थेट खोडाला आलीत बघा," बागेची देखभाल करणारे हंबीरराव सांगत होते. संस्थानी काळातली ही बाग ते पाहुण्यांना हौसेनं हिंडून दाखवत. इचलकरंजीहून सहलीला आलेल्या महिला मंडळाच्या बायकांनी कैलासपतीच्या फुलातली पिंड पाहून हात जोडले. दानम्मानंही नवऱ्याचा हात सोडून जोडले. डोळे उघडले तर प्रभुलिंग शेजारी नव्हते.

यंत्रमागाच्या शेडमध्ये, माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणून त्यांचा जन्म गेला होता. अलीकडे त्यांना काही आठवत नसे. घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून मंडळातल्या बायकांनी नाकं मुरडली तरी तिनं त्यांना बरोबर आणलं होतं.

काचघरामागच्या बाकावर ते सापडले. तिला पाहून अदबीनं बाजूला सरकले.

"बसा की, अक्का. दमलासा."

दानम्मा थबकली. तिचं नाव ते मागंच विसरले होते, पण तिला आजवर विसरले नव्हते. ती बसली.

"कुठल्या तुमी?"

"इचलकरंजीच्या."

"मग आमच्याच की! मंडळी एकटीच हाय घरात. वाट बघत आसंल."

"कशी हाय तुमची मंडळी?" तिनं विचारलं.

"तोंडानं फटकळ हाय. पर मला वाढल्याबिगर घास घ्यायची न्हाय."

फाटकाबाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दानम्मानं सवयीनं त्यांचा दंड धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

"आसं बरं दिसत न्हाय, अक्का."

हॉर्न पुन्हा वाजला. दानम्मानं पदर सारखा केला.

"मला वाट गावंना झालीया. गाडीपातूर सोबत करता का?"

"व्हय की, चला!" ते लगेच उठले. पुढं चालताना ती येतेय ना, हे वळून वळून बघत राहिले.

गाडीपाशी त्यांनी तिला आधी चढवलं आणि स्वतः खालीच उभे राहिले.

"तुमी घरला कसं जानार?" तिनं पायरीवरून विचारलं.

त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. "बघतो की."

"ह्याच गाडीनं चला. तुमच्या मंडळीस्नी भेटावं म्हंते."

"मग येतो. च्या घेऊनच जावा आमच्यातनं."

ते चढले. दानम्माच्या शेजारची जागा मोकळी होती. प्रभुलिंगांनी ती पाहिली आणि मधली वाट सोडून पलीकडच्या बाकावर, परक्या बाईपासून राखावं तेवढं अंतर राखून, ते बसले.