डिस्कला लागलेली बाधा

“दिसली! डिस्क दिसली!”

आमच्या रक्तकेंद्राचे सचिव वामनराव ओरडले आणि जमलेली साठ-सत्तर माणसं एकदम हात जोडून वाकली. यंत्राची बाधा उतरवायला बोलावलेल्या यंत्रानंद महाराजांनी संगणक आणि कीबोर्डवरचं पिवळं वस्त्र ओढून घेतलं. ‘डिस्क सापडत नाही’ एवढंच तीन दिवस सांगणाऱ्या काळ्या पडद्यावर आता रुग्णांची यादी झळकत होती. कुणी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं, कुणी चक्क सीपीयूला कुंकू लावलं.

शेगावातल्या या छोट्या धर्मादाय केंद्रात मी, निशिगंधा, तंत्रज्ञ आहे. मी धावले ती पायलची नोंद उघडायला. वरवट बकालच्या शेषरावांची ही नऊ वर्षांची मुलगी बाकावर आडवी पडली होती. ओठ पांढरेफटक. तिला थॅलेसेमिया आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. सारखं बाहेरचं रक्त घेऊन तिच्या शरीराला काही प्रकारचं रक्त चालेनासं झालं होतं. कोणतं चालत नाही, ते त्या नोंदीत होतं. नव्या तपासणीत ते प्रत्येक वेळी दिसतंच असं नाही, आणि चुकीची पिशवी लागली तर जिवावर बेतलं असतं. शेषरावांजवळची फाइल महिन्यापूर्वी एसटीत राहिली होती. “नोंद नाही तर पिशवी नाही,” असं आमच्या डॉक्टर शारदाबाईंनी बजावलं होतं.

मी ‘पा’ टाइप केलं आणि लाइट गेली. संगणकाची बॅटरी केव्हाच बाद झालेली. लाइट आली, संगणक सुरू झाला, आणि पुन्हा तेच: डिस्क सापडत नाही.

“कोनाचं नाव उघडून राह्यली होती?” महाराज गरजले.

“पायलचं.”

“तेच! कंट्रोलरमंदी केतू बसला हाय, मेमरीत राहू. या पोरीचं नाव आलं की दोघंही खवळतात. हिचं रक्त बंद करा. पाच गुरुवार मठात ठेवा. पोरगी बी बरी, यंत्र बी बरं!”

गर्दीनं पायलकडे पाहिलं. काही बायका मागे सरकल्या.

“बाबा, माह्यामुळं बंद पडलं काय?” पायलनं विचारलं.

शेषरावांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्यासमोर येऊन त्यांनी हात जोडले. “ताई, मले काही समजून नाही राह्यलं. तुम्ही म्हनता रक्त देता येत नाही. हे म्हनतात पोरगी वाचवतो. मी काय करू?” आणि ते तिला उचलायला वळले.

 काय घडलं याचा अर्धा भाग मला माहीत होता आणि मी तो लपवला होता. शनिवारी संगणकानं ‘नवीन कर्नल उपलब्ध’, म्हणजे त्याच्या मूळ प्रोग्रामची नवी आवृत्ती आली, असं दाखवलं आणि मी होकार दिला. सोमवारी संगणक सुरू केला तर डिस्क दिसेना. नोकरी जाईल या भीतीनं मी कुणाला बोलले नाही. तीन दिवस केबल बदलत होते, डबा उघडत होते, बाथरूममध्ये जाऊन रडत होते.

आता लाइट आल्यावर मात्र मी पडदा पहिल्या ओळीपासून पाहिला होता. सुरुवातीलाच डिस्क जिला जोडलेली असते त्या कंट्रोलर कार्डानं डिस्कचं नाव दाखवलं होतं. म्हणजे डिस्क जिवंत! मग तीन सेकंद एक यादी आली होती: वर नवा कर्नल, खाली जुना. काही दाबलं नाही तर वरचा सुरू होतो. आणि मला आठवलं, मंत्र चालू असताना वस्त्राखाली कीबोर्डवर दोनदा ‘टक्’ झालं होतं. तिथे हात होता महाराजांच्या शिष्याचा, जीवनचा. मठात येण्याआधी तो लोणारला संगणक दुरुस्त करायचा.

“शेषरावभाऊ, थांबा,” मी म्हणाले. “पायलचा काही दोष नाही. हे माझ्या हातून झालंय.”

मी सगळं सांगितलं. वामनरावांचा चेहरा लालबुंद झाला. जीवन वस्त्र घेऊन पुढे आला. “उघड्यावर यंत्र पेटते!”

“पेटू द्या.”

पायलला खुर्चीवर बसवून मी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. यादी आली. “खालचा बाण दाब. आता एंटर.”

तिच्या बोटात जोर नव्हता, पण बटणाला तेवढा पुरला. मिनिटाभरात रुग्णांची यादी समोर होती. आधी मी पायलची नोंद छापून डॉक्टरांच्या हातात दिली.

“माह्या मंत्राचा प्रभाव उरला हाय तो!” महाराज म्हणाले.

“मंग बंद करून पुन्हा दाखवा, ताई,” शेषराव म्हणाले. “दहा डाव दाखवा.”

तीनदा दाखवलं. वरची ओळ निवडली की डिस्क गायब, खालची निवडली की हजर. तिसऱ्या वेळेपर्यंत जीवन दारातून निसटला होता. महाराजही चपला शोधू लागले.

मग मी लोकांना समजावलं. कर्नल हा संगणकाचा मूळ कारभारी प्रोग्राम. तो डिस्कशी बोलतो ते कंट्रोलर नावाच्या कार्डातून. आमचं कार्ड जुनं. त्याला ओळखणारा छोटा प्रोग्राम नव्या कर्नलमधून वगळला होता. म्हणून कार्ड दिसेना, आणि त्याच्या मागची डिस्कही. जुन्या कर्नलला ते ओळखीचं होतं. बस, एवढंच.

योग्य पिशवी अकोल्याहून आणावी लागली. चार वाजता पायलला रक्त सुरू झालं. शेषराव नळीतला एकेक थेंब बघत बसले.

वामनरावांनी मला बोलावलं. वाटलं, गेली नोकरी. ते एवढंच म्हणाले, “तीन दिवस गप काऊन राह्यल्या, बाई?”

“नोकरीच्या भीतीनं,” मी म्हणाले. त्या भीतीपायी पायलचा जीव गेला असता. म्हणून हे लिहिते आहे. काही बिघडलं तर आधी विचारा, शेवटी काय बदललं होतं? चूक आपली असेल तर त्याच दिवशी सांगा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर तो उजेडात, आपल्या हातानं, पुन्हा करून बघायला मागा. नाही म्हणाला तर तिथून उठा, आणि आजारी लेकराला दवाखान्यात न्या.