एका ओळीत चार शब्द

जाडजूड कादंबरी पुन्हा एकदा नाकावर आदळली, तेव्हा दातवाल्या ताईने ठरवलं की आता पुरे.

ताई कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे. त्यात प्लास्टर ओतायचं, साचा काढायचा, मेणात एकेक दात बसवायचा, आणि ज्याचं तोंड आपण कधी पाहिलं नाही त्याचं हसू जुळवायचं. सगळी गल्ली तिला दातवाली ताई म्हणायची आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. तर अशी ही प्लास्टर कालवण्यात हयात घालवलेली बाई कामाच्या जागी सांडलेल्या मेणावरून घसरली आणि तिचाच उजवा हात मोडून प्लास्टरात गेला. एकटी राहायची. डाव्या हाताने ना भाजी चिरता येई ना केस बांधता येत. म्हणून धाकट्या भावाने तिचं सामान उचललं आणि तिला आपल्या घरी घेऊन आला.

भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. खिशात कायम पाना, म्हणून त्याला सगळे पानाच म्हणायचे. त्याची बायको बेकरीत केकवर नक्षी काढायची आणि उरलेल्या वेळात वाचायची. पुस्तकांशी पानाचं काही देणंघेणं नव्हतं. बायको वाचायला बसली की तो म्हणायचा, "तू पानं उलट, मी पाना फिरवतो," आणि स्वतःच हसायचा. लग्नापासून हा एकच विनोद चालू होता.

भावजयीने ताईला वेळ घालवायला म्हणून ती कादंबरी दिली होती. एका दीपगृहाचा रखवालदार नाहीसा होतो, दिवा मात्र रोज संध्याकाळी लागतच राहतो, अशी ती गोष्ट. ताईला ती सोडवेना, आणि एका हातात पेलवेना. पान उलटायला हनुवटी वापरून झाली, कोपर वापरून झालं. उताणी पडून वाचावं तर पुस्तक नाकावर.

"ताई, तुम्ही ते वाचायचं यंत्र का घेत नाही?" भावजय म्हणाली. "ई-रीडर. आमच्या बेकरीत येणाऱ्या एक बाई चहा पिताना वाचतात त्यावर. हलकं असतं अगदी."

"फोनवर वाचते की मग."

"फोनवर तुम्ही वाचता कुठे? दर दोन मिनिटांनी कुणाचा तरी निरोप बघता."

हे खरं होतं. ताईने फोन उपडा ठेवला.

"आता पुस्तकालाही चार्जर लागणार," पाना म्हणाला. पण जुनी यंत्रं दुरुस्त करून विकणारा दुकानदार त्याच्याच ओळखीचा होता, त्यामुळे दोघींना घेऊन जायची जबाबदारी आपसूक त्याच्यावर आली.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर केबल लटकलेल्या, काउंटरवर काचेखाली जुने फोन मांडलेले. स्वस्तात काहीतरी हवं, एवढंच ताईला ठाऊक होतं. दुकानदाराने आधी एक रंगीत टॅब्लेट पुढे केला. "यात सगळं होतं. सिनेमा, गाणी, वाचन."

"सगळं नकोय. वाचनच हवंय," ताई म्हणाली.

मग त्याने तीन ई-रीडर काढून ठेवले, राखाडी पाट्याच जणू. पहिली सगळ्यांत नवी, आतून उजेड पाडणारी, पण पान उलटायला पडद्यावर बोट फिरवावं लागे. ताईने ती डाव्या हातात धरून पाहिली. अंगठा पडद्यापर्यंत न्यावा तर पाटीच निसटत होती. दुसरी त्याहून स्वस्त. दुकानदाराने त्यात एक पुस्तक उघडलं आणि ताईच्या कपाळाला आठी पडली. जोडाक्षरं फुटून त्यांचे पाय मोडलेले, पहिल्या वेलांट्या अक्षराच्या मागून धावत आलेल्या.

"हे असं कसं?" तिने विचारलं.

"जुनी आहे ना. हिला आपली अक्षरं नीट जुळवता येत नाहीत."

"अशी कवळी मी कुणाला दिली असती, तर त्याने ती माझ्याच अंगावर फेकली असती."

तिसरी पाटी दिसायला अगदीच साधी. पाठीवर ओरखडे, आत उजेड नाही, पण दोन्ही कडांना दाबायची बटणं. डाव्या अंगठ्याने बटण दाबलं की पान पुढे. वेलांट्या आपापल्या जागी. ताईने ती दारात, उन्हात नेली. फोन उन्हात आंधळा होतो. ही मात्र कागदासारखी लख्ख दिसत होती. "बंद केली तरी चित्र तसंच राहतं," दुकानदार म्हणाला. ताईने बंद करून पाहिली. राहिलं.

"कसं काय राहतं?"

"आत बारीक बारीक कण असतात, काळे आणि पांढरे. विजेचा धक्का बसला की वर येतात नाहीतर खाली जातात. मग पुढच्या धक्क्यापर्यंत तिथंच."

"म्हणजे खरी शाई आहे यात?"

"तसंच समजा."

पाना इतका वेळ फोनवर बोलत उभा होता. आता त्याने फोन खिशात टाकला, पाटी हातात घेतली आणि उलटी करून पाहिली. "हिला स्क्रू कुठं आहेत?" एवढंच त्याने विचारलं.

तिसरीच घेतली. किंमत ऐकून भावजय हळूच म्हणाली, की याच्यापेक्षा आमच्या बेकरीतला लग्नाचा केक महाग असतो.

घरी आल्यावर ताईने पहिली गोष्ट केली ती ही की सामानातलं कामाचं भिंग काढलं. दातांच्या कडा तपासायचं ते भिंग पडद्यावर धरलं, तर अक्षराची गुळगुळीत कड नाहीशी झाली आणि वाळूच्या दाण्यांसारखं काहीतरी दिसू लागलं. तिने बटण दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला, दाणे ढवळले आणि नवी वाळू नव्या आकारात बसली. ती कितीतरी वेळ नुसतीच बटण दाबत बसली. दीपगृह, रखवालदार सगळं बाजूला राहिलं.

मग मात्र वाचनाला बसली ती उठेचना. कादंबरीची जाडजूड प्रत भावजयीने वाचनालयात परत केली होती आणि त्यांच्याच संकेतस्थळावरून ती यंत्रात उतरवून दिली होती. ताईला वाचताना पाहून तिलाही पहिल्यापासून वाचावीशी वाटली; पूर्वी ती अर्ध्यावर सोडून दिली होती म्हणे. यंत्र एक, वाचणाऱ्या दोघी, आणि यंत्राला लक्षात राहणार एकच जागा. मग दोघींनी ठरवलं, की वाचून झालं की पाटी फ्रिजवर ठेवायची आणि आपण कुठे आहोत ते मोठ्याने सांगायचं. म्हणून घरात रोज कानावर पडायचं, "मी रखवालदाराची बायको येते तिथं आहे," आणि त्यावर, "मी कधीच पुढे गेले. सांगू का ती काय करते?" "मुळीच सांगायचं नाही."

एका सकाळी ताईने पाटी उघडली तर अक्षरं टपोऱ्या बोरांएवढी झालेली. एका ओळीत जेमतेम चार शब्द. ओळींमध्ये एवढं अंतर, की मधून बोट फिरावं. आणि जागा? कादंबरीचं अगदी सुरुवातीचं प्रकरण.

"अगं, अक्षरं एवढी कशाला केलीस?"

"मी? मला वाटलं तुम्ही केलीत. परवाही तशीच होती. मी लहान करून ठेवली."

दोघींनी एकमेकींकडे संशयाने पाहिलं. भावजयीला वाटलं, ताईंचे डोळे अधू झालेत आणि त्या कबूल करत नाहीत. ताईला वाटलं, हिचं काहीतरी चाललंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, फक्त जागा थोडी पुढे सरकलेली. ताईने दुकानदाराला फोन लावला.

"यंत्र आपलं आपण अक्षरं मोठी करतं का हो?"

"नाही."

"आणि आपणहून मागं जातं का?"

"बाई, यंत्राला हौस नसते. कुणीतरी केल्याशिवाय ते काही करत नाही."

हे ऐकल्यावर ताईला दीपगृहापेक्षा फ्रिजवर ठेवलेल्या पाटीतच जास्त रस वाटू लागला. तिने काही विचारलं नाही. नुसती लक्ष ठेवू लागली. पाटी दुपारी नाहीशी होते आणि संध्याकाळी परत येते, एवढं तिला कळलं. दुपारी भावजय बेकरीत असते. मग उरलं कोण? पण ते उत्तर तिच्या गळी उतरेना. शाळेत असताना पानाच्या हातात पुस्तक दिलं की त्याचं पोट दुखायला लागायचं.

त्याच आठवड्यात त्यांच्याच इमारतीची लिफ्ट बिघडली. पाना घरी जेवायला आला तेव्हा शेजारच्या काकू दारातच उभ्या होत्या. "होईल हो, तासाभरात होईल," म्हणून तो जेवल्याबरोबर खाली गेला. तासाचे किती तास झाले कोण जाणे. काकू पुन्हा दारात. "तुमचा भाऊ लिफ्टमध्ये आहे की लिफ्टसकट गेला?"

ताईने फ्रिजकडे पाहिलं. वर काही नव्हतं. ती हात गळ्यात अडकवून जिना उतरू लागली.

खालून दुसऱ्या मजल्यावर लिफ्टचा पाळणा उभा होता, दार उघडं. दुरुस्ती केव्हाच झाली होती; आतला दिवा लख्ख लागला होता. अवजारांच्या पेटीवर पाना बसला होता, पाटी गुडघ्यांवर. ओठ हलत होते. एक बोट शब्दाखाली ठेवलेलं, शब्द झाला की पुढच्याखाली. एक पान संपलं. त्याने बटण दाबलं, मान वर करून भिंतीकडे पाहिलं, जणू आत्ता वाचलेलं तिथं घडताना दिसत होतं, आणि पुन्हा बोट ठेवलं.

ताई तिथंच थबकली. तिला हाक मारवेना. शेवटी त्यालाच तिची सावली दिसली.

"झालंय काम," तो घाईने म्हणाला. "तपासत होतो."

"काय तपासत होतास?"

पानाने पाटी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. "हसणार नसशील तर सांगतो."

"नाही हसत."

"यात अक्षरं एका जागी थांबतात," तो म्हणाला.

ताईला कळलं नाही. ती पायरीवर बसली. "म्हणजे? आधी थांबत नव्हती?"

"पुस्तकात नाही थांबत. दाटीवाटीनं असतात ना, मग एकमेकांच्या अंगावर चढतात. वरच्या ओळीतला शब्द खाली येतो. मी एका ओळीवरून दुसरीवर जातो तर भलतीकडेच पोचतो. मला वाटायचं सगळ्यांनाच तसं दिसतं, आणि बाकीचे हुशार आहेत म्हणून त्यांना जमतं."

"मग शाळेत तू..."

"तू मोठ्यानं पाठ करायचीस ना, पलीकडच्या खोलीत. ते ऐकून पास झालो. पुढं मशीनचं काम आलं. मशीनला वाचावं लागत नाही, आवाज कळतो."

"आणि हे कसं सुचलं तुला?"

"सुचलं कसलं. स्क्रू नव्हते हिला. म्हटलं बाहेरून उघडत नाही तर आतून बघू काय काय फिरतं. अक्षर मोठं होत होतं, ओळी लांब जात होत्या. फिरवत गेलो. एका ओळीत चारच शब्द राहिले आणि..." त्याने हात नुसता आडवा धरला, निवळलेल्या पाण्यासारखा.

ताईला विचारायचं होतं बरंच. किती वाचलंस, कंटाळा येतो का, डोकं दुखतं का. पण तोच आधी म्हणाला, "तो रखवालदार मेलाय का गं? थांब, नको सांगू. पण दिवा त्याची बायको लावतेय असं मला वाटतंय."

ताईचं पुस्तक कालच संपलं होतं. शेवट न सांगता ती म्हणाली, "असं का वाटतं तुला?"

"तिच्या हाताला तेलाचा वास येतो असं लिहिलंय एका ठिकाणी. ओझरतं येतं ते, पण यंत्रांना तेल घालणाऱ्या माणसाला कळतं."

ताईने ते वाक्य वाचलं होतं आणि ओलांडून गेली होती. वरच्या मजल्यावरून काकूंनी लिफ्टचं बटण दाबून ठेवलं होतं, बटणाचा दिवा सारखा लुकलुकत होता. "चल," पाना म्हणाला, "नाहीतर त्या मला गिऱ्हाइकांत बदनाम करतील." दोघं लिफ्टनेच वर गेले.

"तिला सांगू नकोस एवढ्यात," तो म्हणाला.

ताईने सांगितलं नाही. त्यानेच सांगितलं, आणि तेही न ठरवता. जेवताना भावजय ताईला म्हणत होती, की रखवालदाराची बायको मला आवडत नाही, भारी कोरडी आहे. पाना ताटातून मान वर न करता म्हणाला, "कोरडी नाही ती. तिला भीती वाटते. म्हणून तर खिडकीकडे पाठ करून बसते."

भावजयीचा घास हातात राहिला. तिने आधी ताईकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. ताईला वाटलं आता ती आनंदाने काहीतरी बोलेल. ती उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. परत आली तेव्हा म्हणाली, "इतकी वर्षं मी तुला पुस्तकातलं काही सांगायला लागले की तू उठून जायचास. मला वाटायचं, माझंच बोलणं कंटाळवाणं आहे."

पानाने तिचं ताट तिच्यापुढे सरकवलं. त्यानंतर दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. मग एका संध्याकाळी ताईने पाहिलं, दोघं पलंगाच्या कडेला बसलेत, पाटी दोघांच्या मध्ये, आणि तो बोट फिरवतोय. तो अडला तरी भावजय शब्द पुरवत नव्हती. नखं तळहातात रुतवून थांबत होती. अशा अक्षरांच्या अडचणीला वैद्यकात नाव असतं, असं तिने कुठूनसं शोधून काढलं आणि तपासून घेऊ म्हणाली. "पुस्तक संपू दे," एवढंच तो म्हणाला.

पण पुस्तक संपण्याआधी ताईचं प्लास्टर निघालं. हात बारीक झालेला, पण दात बसवायला तयार. निघताना तिने पाटी त्याच्यापुढे धरली. "ठेव तुला."

"नको," पाना म्हणाला. "तुला उन्हात बसून वाचायला आवडतं. मला आत उजेड असलेली हवी. लिफ्टच्या खड्ड्यात अंधार असतो." तो एकटाच दुकानात गेला. दुकानदाराने नंतर ताईला सांगितलं, की तुमच्या भावाने माझा अर्धा दिवस खाल्ला. प्रत्येक यंत्रात अक्षर मोठं करून, ओळी लांब करून पाहिल्या, वाचून दाखवलं, आणि मग उजेडवाल्यांतलं सगळ्यांत स्वस्त घासाघीस करून नेलं.

ताई पुन्हा कामाला लागली. एका दुपारी वरच्या जबड्याच्या मेणात सुळा बसवत असताना फोन वाजला. बोटं मेणाने भरलेली, म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला.

"संपलं," पाना म्हणाला. मागून कुठल्यातरी लिफ्टच्या मोटरची घरघर येत होती.

"कसं वाटलं?"

"शेवट पटला नाही मला. एवढं सगळं केल्यावर तिनं तो दिवा तसाच सोडून जायला नको होतं. तुला पटला?"

"मला पटला."

"का?"

ताईने सुळा खाली ठेवला, खुर्ची मागे सरकवली आणि सांगायला लागली.