सयाजीचा भोंगा

“आरं, भोंगा झाला न्हाई अजून! फाटक कसं लावलंस?” ज्योतीराम गजांना धरून ओरडत होता. त्याच्यामागे आणखी सात-आठ जण धापा टाकीत उभे होते. कुणी कासारवाडीहून चालत आलेले, कुणी पॅसेंजरमधून उतरून पळत सुटलेले.

“माझ्यावर कशाला डाफरता राव? सायबानं सांगितलं, लावलं,” आतून दरवान बरकत म्हणाला. त्याचं वाक्य पुरं होतंय न होतंय तोच बॉयलरच्या छपरावरून कारखान्याचा भोंगा वाजला.

आधी सगळे हसले. मग ज्योतीरामचा चेहरा पडला. तो सोलापूरकडचा, बदलीवर लागलेला कामगार. आणखी एकदा उशीर झाला तर नाव कमी करू, असं त्याला गेल्याच आठवड्यात बजावलेलं होतं. घरी म्हातारी आई आणि बाळंतीण बायको. त्याने गज हलवून पाहिले, पण कारखान्याचं फाटक कधी कुणाच्या हलवण्याने उघडलंय?

भोंगा वाजवायचं काम सयाजीचं. पिंपरीच्या आसपास काल-परवापर्यंत ज्वारीची रानं होती. आता एकेक कारखाना उभा राहत होता, पण भोंगा अजून हा एकच. सयाजीने साखळी ओढली की मळ्यातली मोट सुटायची, चिंचवडच्या गावठाणातले मास्तर घड्याळाला किल्ली द्यायचे. कासारवाडीला आवाज जरा मागाहून पोचायचा आणि वारा उलटा असला तर पोचायचाही नाही. लोक म्हणत, सूर्य ढगाआड जाईल, सयाजी जायचा नाही. हे ऐकून सयाजी मान खाली घालायचा, पण घरी गेल्यावर बायकोला सांगितल्याशिवाय त्याला भाकर गोड लागायची नाही.

रीत अशी होती: टाइम ऑफिसात एक मोठा लाकडी रेडिओ होता. आठच्या बातम्यांआधी त्यावर पिक् पिक् असे ठोके पडत. शेवटचा ठोका पडला की बरोबर आठ. सयाजीने तो खिडकीबाहेरून ऐकायचा, चार ढांगांत बॉयलर गाठायचा आणि साखळी ओढायची. आधीचे टाइमकीपर आबाजी भले माणूस होते. सकाळी खुर्चीत त्यांचा डोळा लागायचा आणि भोंग्यानेच त्यांना जाग यायची. महिन्यापूर्वी ते घरी बसले आणि पुण्याहून यशवंतराव आले. ते मनगटावरचं घड्याळ रोज रेडिओशी लावत आणि त्या घड्याळावर फाटक लावायला सांगत.

यशवंतराव काही दुष्ट नव्हते. रोज पहाटे उठून गाडीने यायचं, दिवसभर लोकांचे उशीर मोजायचे, याने तेही पिचलेलेच होते. त्यांनी सयाजीला बोलावलं.

“सयाजी, भोंगा उशिरा झाला.”

“न्हाई सायेब. रेडिओ बोलला, आन् मी साखळी वढली.”

“रोजच उशिरा होतो. आठवडाभर बघतोय मी.”

सयाजी टेबलाजवळ सरकला. “सायेब, भोंगा उबा ऱ्हायल्यापासनं साखळी माज्या हातात हाय. पिंपरीत कुणालाबी इचारा.”

“पिंपरीला काय विचारायचं? पिंपरी तर तुमच्याच भोंग्यावर चालते,” यशवंतराव थकल्या आवाजात म्हणाले. “हे बघा, मोठ्या साहेबांशी बोललोय मी. उद्या ठोके पडताना तुम्ही माझ्यासमोर उभं राहायचं आणि शेवटच्या ठोक्याला हात वर करायचा. भोंगा चुकत असेल तर ती कारखान्याची चूक. बाहेरच्या लोकांना उशीर लागणार नाही. पण तुम्ही बरोबर असाल, तर ही माणसं उशिरा येऊन वर खोटं बोलतात. मग ज्योतीरामचं नाव मी ठेवू शकणार नाही.”

सयाजी बाहेर आला. यशवंतरावांना सांगितली नव्हती अशी एक गोष्ट त्याच्या मनात बरेच दिवस कुरतडत होती. रेडिओवर ठोके पडेनासे झाले होते. आधी गाणं, मग नुसती घरघर, आणि एकदम बातम्या वाचणाऱ्या बाईचा आवाज. सरकारने ठोके बंद केले असतील, असं त्याने धरून चाललं होतं. कुणाला विचारायची त्याला लाज वाटत होती. बाईचा आवाज आला की या बातम्याच ना, अशी खात्री करून घ्यायची आणि मग धावायचं, असं त्याने आपलं आपणच ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी तो बरकतला घेऊन पिंपरीच्या निर्वासित कॅम्पात गेला. तिथल्या एका सिंधी कापडवाल्याच्या दुकानात रेडिओ होता आणि बातम्यांना पायरीवर माणसं जमत. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा सयाजी धोतरजोडीची चौकशी करीत उभा राहिला. गाणं संपलं. घरघर सुरू झाली. गल्ल्यामागचा शेठ मनगटाचं घड्याळ पुढे धरून त्याचा काटा फिरवू लागला. पायरीवरचा एक म्हातारा बोटाने गुडघ्यावर ताल धरत होता. एक, एक, एक. सयाजीने त्या बोटाकडे पाहिलं. बोट हलत होतं आणि त्याच्या कानात नुसती घरघर होती. बोट थांबलं, शेठने घड्याळाची किल्ली आत दाबली, आणि बाई बोलू लागली. बाईचं अक्षर न् अक्षर सयाजीला ऐकू येत होतं.

“बरकत, ठोकं पडलं का रं?” त्याने हळूच विचारलं.

“आत्ता तर पडले! ऐकले नाही?” बरकत म्हणाला, आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहू लागला.

परतताना रेल्वेफाटकाजवळ बरकत थांबला. “सयाजीभाई, तुम्ही कानात कापूस घालत नव्हता ना?”

“कापूस घातला तर रेडिओ कसा ऐकू येनार?”

बॉयलरवरच्या सगळ्यांना कापसाचे बोळे मिळत. भोंग्याच्या तोंडाशी उभं राहणाऱ्याने ते घालायचेच. सयाजीने कधी घातले नाहीत. ठोका चुकू नये म्हणून त्याने कान उघडे ठेवले, आणि त्या उघड्या कानांतून भोंग्याने नेमका तो बारीक ठोकाच तेवढा नेला. हे त्याला कुणी डॉक्टरने सांगितलं नाही. तिथे रुळांशेजारी उभ्या उभ्याच ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला फार वाईट वाटलं.

“मी सांगतो,” बरकत म्हणाला. “उद्या मी दाराशी उभा राहतो. शेवटचा ठोका पडला की किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतो. तुम्ही माझ्याकडे बघा आणि हात वर करा. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

“आन् रोज?”

“रोज खिडकीतून सायबाचं घड्याळ बघा. लई वर्षं झाली भाई. आता या वयात कोळसा ओढणार का?”

बरकतचं म्हणणं सयाजीला पटलं होतं, हेच खरं तर त्याला खुपत होतं.

सकाळी अंगणात तोंड धुताना त्याने बायकोला विचारलं, “छबू, हल्ली चिमन्या येत न्हाईत का गं?”

छबूबाईने चुलीपुढून मान वर केली. “येत न्हाईत? वळचणीला पहाटपास्नं कालवा मांडलाय मेल्यांनी. डोकं उठलं माजं.” सयाजीने वर पाहिलं. वळचणीला चिमण्या होत्या. चोची उघडत होत्या, मिटत होत्या. तो तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिला. छबूबाई काही विचारणार होती, पण त्याचं तोंड पाहून तिने भाकरी उलटली.

टाइम ऑफिसात यशवंतराव टेबलाशी बसले होते. दाराशी बरकत, हातात किल्ल्यांचा जुडगा. खिडकीबाहेर ज्योतीराम आणि कालची माणसं. ज्योतीराम रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. त्याला वाटत होतं, सयाजीमामा चुकायचे नाहीत, म्हणजे आपलं संपलंच. तरी त्याने सयाजीला रामराम केला.

गाणं संपलं. घरघर सुरू झाली. यशवंतरावांचे ओठ मोजल्यासारखे हलू लागले. बरकत एकटक सयाजीकडे पाहत होता. सयाजीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मग मान वळवून पाठच केली. समोर नुसती भिंत होती, चुना लावलेली. भिंतीकडे पाहत तो उभा राहिला. मागे किल्ल्या खणकल्या असतील, पण त्याही त्याला ऐकू आल्या नाहीत.

बाई बोलू लागली. तिचं पहिलं वाक्य संपलं, तेव्हा सयाजीने हात वर केला.

यशवंतरावांनी मान वर करून त्या हाताकडे पाहिलं.

“मला ठोकं ऐकू येत न्हाईत, सायेब,” तो म्हणाला. “लई दिस झालं. पोरं खरं बोलत्यात. भोंगा माजा चुकला.”

यशवंतरावांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि डोळे चोळले. “आधी का नाही बोललात, सयाजीराव?” एवढंच ते म्हणाले. सयाजीला त्यांनी ‘राव’ म्हटलं ते त्या एका दिवशी. मग ते उठले आणि स्वतः जाऊन त्यांनी भोंग्याची साखळी ओढली.

ज्योतीरामचं नाव राहिलं. साखळी बॉयलरवरच्या दुसऱ्या माणसाकडे गेली आणि सयाजीला आवारातल्या झाडांना पाणी घालायला लावलं. काम हलकं होतं. बरकत म्हणाला, नशीब समजा. सयाजीनेही तसं समजायचा प्रयत्न केला.

सोमवारी तो पहिल्यांदाच इतर कामगारांसारखा आठाला जायला निघाला. आजवर तो सगळ्यांच्या कितीतरी आधी आत असायचा. किती वाजता घर सोडायचं हे त्याला कधी विचार करून ठरवावं लागलं नव्हतं. रस्ता पायाखालचा होता. बाभळीशी पोचलं की किती उरतं, पुलाशी किती, हे त्याला घड्याळावाचून कळत होतं. तो पुलाशी होता तेव्हा भोंगा वाजला. त्याच्या हिशेबाने, म्हणजे त्याच्या जुन्या भोंग्याच्या हिशेबाने, अजून थोडा वेळ होता. तो थांबला, भोंगा संपेपर्यंत उभा राहिला आणि मग चालू लागला.

फाटक लागलं होतं. बाहेर तिघे-चौघे उशिरा आलेले भिंतीला टेकून बसले होते. यशवंतरावांनी येऊन नावं लिहून घेतल्यावर त्यांना आत सोडायचं, असा नियम होता. बरकतने सयाजीला पाहिलं आणि घाईने फाटकातलं लहान दार उघडलं.

“या, या लवकर. सायब आत आहे. कुणी बघत नाही.”

आत झाडांच्या आळ्यांशी रिकामी बादली दिसत होती. सयाजीने दाराला हात लावला आणि ते हळूच ओढून घेतलं.

“लाव कडी,” तो म्हणाला.

भिंतीशी बसलेली माणसं थोडी सरकली. सयाजी त्यांच्या शेवटी जाऊन बसला आणि नाव विचारायला कोणी येईल त्याची वाट पाहू लागला.